मणिकर्णिकेवरची तीन गणितं

विज्ञानाच्या इतिहासातल्या जागा बघत बघत आज आपण बनारसला पोहोचलो आहोत. बनारस म्हटलं की तुम्हाला गंगा आठवेल, विश्वनाथ आठवेल, लग्नातला शालू आठवेल. मला एक फळा आठवतो. सुरुवात त्याच्यापासूनच करू.

१९४० च्या दशकाचा शेवट. बनारस हिंदू विद्यापीठाच्या आवारात गणिताचे प्राध्यापक विष्णु वासुदेव नारळीकर राहत होते. मूळचे कोल्हापूरचे, केंब्रिजचे रँग्लर. मदनमोहन मालवीयांच्या बोलावण्यावरून १९३२ साली, वयाच्या चोविसाव्या वर्षी ते इथे आले. घरात मराठी, शाळेत हिंदी, गणितात इंग्रजी असा त्यांच्या दोन मुलांचा, जयंत आणि अनंत यांचा, दिनक्रम. वडिलांनी मुलांसाठी घरातच भिंतीवर फळे लावून घेतले होते. त्याच सुमारास मुलांचे मामा मोरेश्वर हुजुरबाजार एम.एस्सी. करायला त्यांच्याकडे राहायला आले. मोरूमामांनी एक खेळ सुरू केला. ते फळ्यावर एक गणित लिहीत आणि वर मथळा देत: 'चॅलेंज प्रॉब्लेम फॉर जेव्हीएन'. जेव्हीएन म्हणजे जयंत विष्णु नारळीकर. नियम एकच. भाच्यानं गणित सोडवलं किंवा हार मानली, तरच फळा पुसायचा.

पुढे या भाच्याचं काय झालं ते तुम्हाला ठाऊक आहे. १९५७ साली बनारसहून बी.एस्सी., मग केंब्रिज, तिथे ट्रायपॉसमध्ये पहिला क्रमांक, फ्रेड हॉईल यांच्याकडे पीएच.डी. ही हकीकत नारळीकर सरांनी स्वतः अनेकदा सांगितली आहे. पण ती सांगताना आपण बहुतेक वेळा 'हुशार मुलगा' एवढंच ऐकतो. मला त्यातली दुसरी गोष्ट महत्त्वाची वाटते. फळ्यावरचं ते गणित कुठल्याही धड्याच्या शेवटचं नव्हतं. ते यांत्रिकीचं आहे की भूमितीचं, कोणतं सूत्र लावायचं, हे वर लिहिलेलं नसायचं. आणि वेळेची मर्यादा नव्हती.

या मालिकेचे बरेच प्रेक्षक अकरावी-बारावीचे, बी.एस्सी.चे विद्यार्थी आहेत. त्यांचा एक प्रश्न मला सारखा येतो. 'यांत्रिकी, उष्मागतिकी, आधुनिक भौतिकी, तिन्हींची शेकडो गणितं सोडवतो, पण त्यांचा एकमेकांशी आणि बाहेरच्या जगाशी काय संबंध?' म्हणून आज मी तीन गणितं घेऊन मणिकर्णिका घाटावर आलो आहे. तिन्ही या जागेची आहेत आणि तिन्हींच्या मागे बनारसचा खरा इतिहास आहे. एक आधीच सांगतो: चितांचं चित्रण आम्ही केलेलं नाही. तिथे लोक आपलं माणूस पोहोचवायला आलेले असतात. तुम्हाला पडद्यावर नदी आणि पायऱ्याच दिसतील.

पहिलं गणित: न पडणारं देऊळ

हा घाट मराठी माणसाला परका नाही. अहिल्याबाई होळकरांनी इथे बांधकाम करवलं. झाशीच्या राणीचं माहेरचं नाव मणिकर्णिका, ते याच तीर्थावरून. शेजारचा घाट शिंद्यांचा. आणि मणिकर्णिका व शिंदे घाट यांच्यामध्ये, अगदी पाण्यालगत, रत्नेश्वर महादेवाचं देऊळ आहे. ते सुमारे नऊ अंशांनी कललेलं आहे. पावसाळ्यात त्याचा गाभारा पाण्याखाली जातो.

तुमच्या फोनवर या देवळाचा संदेश कधीतरी आला असेल. 'पिसाचा मनोरा पाचच अंश कललेला, आमचं देऊळ नऊ अंश, तरी उभं! विज्ञानाला न उलगडलेलं कोडं!' सोबत एक दंतकथाही येते. अहिल्याबाईंच्या रत्नाबाई नावाच्या दासीनं देऊळ बांधलं आणि त्याला स्वतःचं नाव दिलं, म्हणून अहिल्याबाईंनी शाप दिला आणि देऊळ कललं.

आधी इतिहास तपासू. अहिल्याबाई १७९५ साली वारल्या. महसुली नोंदींप्रमाणे हे देऊळ १८२५ ते १८३० या काळातलं, आणि दुसऱ्या एका मतानुसार १८५७ च्या सुमाराचं. दोन्हींपैकी काहीही धरा, शाप द्यायला अहिल्याबाई हयात नव्हत्या. शिवाय १८६० च्या दशकातल्या छायाचित्रांत देऊळ सरळ उभं दिसतं. म्हणजे ते कललं ते त्यानंतर.

आता यांत्रिकी. कललेली वस्तू कधी पडते? तिच्या गुरुत्वमध्यातून खाली टाकलेली उभी रेषा पायाच्या बाहेर गेली, की पडते. एक साधा चौकोनी ठोकळा घ्या. त्याची रुंदी भागिले उंची हा आकडा कलाच्या कोनाच्या टॅनपेक्षा लहान झाला, तर तो उलटेल. नऊ अंशांचा टॅन ०.१५८. म्हणजे नऊ अंशांवर उलटायला ठोकळा रुंदीच्या सहापटीहून जास्त उंच हवा. रत्नेश्वराचं देऊळ इतकं काटकुळं नाही. त्यातून शिखर वर निमुळतं होत जातं, त्यामुळे गुरुत्वमध्य अर्ध्या उंचीच्याही खाली असतो. ते उलटून पडत नाही यात कोडं काहीच नाही. अकरावीच्या गणितात उत्तर आहे.

पण इथेच पेन खाली ठेवू नका. खरा प्रश्न वेगळा आहे: ते कललं का, आणि धोका कशाचा? शेजारच्या शिंदे घाटाकडे बघा. ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंदे यांनी एकोणिसाव्या शतकात इथे भव्य घाट बांधवला. दगडाचं वजन खालच्या मातीला पेललं नाही आणि बांधकाम खचलं. पुढे ते पुन्हा करावं लागलं. गंगेचा हा काठ गाळाचा आहे. दरवर्षी पूर येतो, माती पाण्यानं भरते, मग पाणी झपाट्यानं उतरतं आणि मातीतलं पाणी मागून निघत राहतं, सोबत बारीक माती नेतं. पायाची एक बाजू दुसरीपेक्षा जास्त बसली की वरची इमारत कलते. कलली की खचलेल्या बाजूवर आणखी भार येतो. पिसाचंही असंच होतं. तो मनोरा उलटण्याच्या कोनापासून खूप दूर होता, तरी १९९० साली बंद करावा लागला, कारण भीती खालच्या चिकणमातीची आणि एका बाजूला दबणाऱ्या दगडांची होती. अभियंत्यांनी उंच बाजूखालची माती थोडी थोडी काढून कल साडेपाच अंशांवरून चारच्या आसपास आणला.

बनारसमध्येही असं काम झालेलं आहे, आणि पिसाच्या दीडशेहून अधिक वर्षं आधी. जेम्स प्रिन्सेप हे नाव तुम्ही ब्राह्मी लिपीच्या वाचनासाठी ऐकलं असेल. तो १८२० ते १८३० बनारसच्या टांकसाळीत धातू पारखण्याचं काम करत होता. आला तेव्हा विशीतला पोरगा. फावल्या वेळात त्यानं शहराचा नकाशा केला, सांडपाण्याचा भुयारी नाला काढला आणि पंचगंगा घाटावरच्या औरंगजेबाच्या मशिदीचे झुकू लागलेले मिनार उतरवून पुन्हा बांधून काढले. त्यानं 'कोडं' म्हणून हात जोडले नाहीत. आज ते मिनार नाहीत, पण त्याच्या कामानंतर ते शंभरावर वर्षं टिकले.

म्हणून 'विज्ञानाला न उलगडलेलं' हा संदेश मला निरुपद्रवी वाटत नाही. ज्याला आपण चमत्कार म्हणतो त्याची डागडुजी करत नाही. रत्नेश्वराचं देऊळ चमत्कारानं उभं आहे असं मानलं, तर त्याच्या पायाखालची माती तपासायला कुणी जाणार नाही.

दुसरं गणित: उष्णता जाते कुठे?

आता जरा अवघड विषय. मणिकर्णिकेवर चिता रात्रंदिवस जळत असतात. हे गणित मी विचारावं की नाही, याचा मी बराच विचार केला. पण हा प्रश्न गरिबाच्या खिशाचा आहे, जंगलाचा आहे आणि नदीचाही आहे. म्हणून विचारतो.

एका चितेला साधारण तीनशे किलो लाकूड लागतं असं धरू. वाळलेल्या लाकडाचा एक किलो जळला की सुमारे १५ मेगाज्यूल उष्णता मिळते. एकूण साडेचार हजार मेगाज्यूल. आता गरज किती? मानवी शरीरात सर्वांत जास्त असतं ते पाणी. चाळीस किलो धरा. ते तीस अंशांपासून शंभर अंशांपर्यंत तापवायला सुमारे १२ मेगाज्यूल. त्याची वाफ करायला, दर किलोला २.२६ मेगाज्यूल या हिशेबानं, सुमारे ९० मेगाज्यूल. बेरीज १०२. म्हणजे सात किलो लाकडाची उष्णता. आणि पाणी गेल्यावर उरलेलं शरीर स्वतःही जळताना उष्णता देतं.

सात किलो पुरायला हवं तिथे तीनशे किलो का लागतं? उष्मागतिकीचा पहिला नियम सांगतो की उष्णता नाहीशी होत नाही. मग उरलेली गेली कुठे?

एक वाट आहे प्रारणाची. तापलेली वस्तू जी उष्णता बाहेर फेकते ती निरपेक्ष तापमानाच्या चौथ्या घाताच्या प्रमाणात असते. हजार केल्विनला, आदर्श काळा पृष्ठभाग धरला तर, एका चौरस मीटरमधून ५७ किलोवॉट. म्हणजे तासाला दोनशे मेगाज्यूल! शरीरातल्या सगळ्या पाण्याची वाफ करायला लागणाऱ्या उष्णतेच्या दुप्पट उष्णता तासाभरात एकेका चौरस मीटरमधून मोकळ्या हवेत जाते. घाटावर चितेपासून दहा पावलांवरही चेहरा भाजतो, तो यामुळे. दुसरी वाट गरम हवेची: उघड्या चितेवरून गरम वायू सरळ वर जातात आणि बाजूची गार हवा आत ओढतात. तिसरी वाट धुराची, म्हणजे न जळलेल्या इंधनाची.

यातून एक व्यावहारिक गोष्ट निघते. नुसतं लाकूड कमी केलं तर काम होत नाही. चितेचं तापमान टिकवून धरायला लागणारी आग त्या गळतीच्या वर राहिली पाहिजे, नाहीतर ती मध्येच बसते. ज्या घराला पुरेसं लाकूड परवडत नाही त्यांच्या बाबतीत नेमकं हेच होतं, आणि अर्धवट राहिलेलं नदीत जातं. बचत करायची तर गळती अडवायला हवी: खालून हवा मिळेल अशी उंच जाळी, उष्णता परत फेकणाऱ्या बाजू, वर धुराडं. अशा सुधारित चिता देशात अनेक ठिकाणी वापरात आहेत आणि त्यांत लाकूड बरंच कमी लागतं.

१४ जून १९८६ रोजी याच शहरात गंगा कृती योजना सुरू झाली. तिच्यात विद्युतदाहिन्या होत्या, आणि हरिश्चंद्र घाटावर एक उभीही राहिली. बंदिस्त भट्टी असल्यानं गळती कमी, गणित अगदी बरोबर. पण मणिकर्णिकेवरच्या चिता काही थांबल्या नाहीत. मुखाग्नी, प्रदक्षिणा, कपाळक्रिया, हे सगळं उघड्या चितेभोवती घडतं, आणि वीज गेली की भट्टी बंद. गणितात माणसं धरली नाहीत तर उत्तर कागदावर बरोबर येतं आणि घाटावर चुकतं. आणि या घाटावर चितेचं सर्वांत जास्त ज्ञान ज्यांच्याकडे आहे तो डोम समाज. कोणतं लाकूड खाली, कोणतं वर, वाऱ्याची दिशा बदलली तर बांबूनं कुठे सरकवायचं, किती वेळ लागेल, हे ते पिढ्यान् पिढ्या जाणतात. त्यांना आपण अस्पृश्य मानलं, त्यामुळे त्यांच्याकडून काही शिकायचं आपल्याला सुचलं नाही. कुठलाही नवा आराखडा त्यांच्याशी बोलूनच करायला हवा, असं माझं मत आहे.

आगीचं तापमान मोजणं हीसुद्धा बनारसची गोष्ट आहे. पाऱ्याचा तापमापक भट्टीत टाकता येत नाही. टांकसाळीतल्या प्रिन्सेपला भट्टी किती तापली हे कळणं भाग होतं. त्यानं चांदी आणि सोनं, तसंच सोनं आणि प्लॅटिनम यांचे ठरावीक प्रमाणातले मिश्रधातू तयार केले. त्यांचे बारीक तुकडे भट्टीत ठेवायचे. कोणता वितळला आणि कोणता तसाच राहिला यावरून तापमान ठरवायचं. हवेचा तापमापक करायला त्यानं सोन्याची पोकळ कुपीही वापरली. त्याचा हा निबंध १८२८ साली लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात छापून आला. पुढे भट्टीच्या उजेडाचा रंग आणि तापमान यांचं नातं शोधताना बर्लिनमध्ये मॅक्स प्लांक अडखळले, आणि १४ डिसेंबर १९०० रोजी त्यांनी ऊर्जा पुंजांमध्ये येते असं मांडलं. प्रिन्सेपचा आणि प्लांकचा थेट संबंध नाही. पण 'ही आग किती तापली आहे' या प्रश्नाचा माग काढत गेलं की आधुनिक भौतिकीचं दार लागतं, हे लक्षात ठेवा.

तिसरं गणित: पन्नास मायक्रोग्रॅम

आता आधुनिक भौतिकी. आइन्स्टाइन सांगतात, ऊर्जा आणि वस्तुमान एकच. ऊर्जेला प्रकाशाच्या वेगाच्या वर्गानं भागा, वस्तुमान मिळेल. चितेतून साडेचार हजार मेगाज्यूल बाहेर पडले. म्हणजे साडेचार अब्ज ज्यूल. त्याला नऊवर सोळा शून्यांनी भागा. उत्तर येतं एका किलोचे दोन कोटींवा हिस्सा, म्हणजे पन्नास मायक्रोग्रॅम. राख, वाफ, धूर, सगळं गोळा करून तोललं तर सुरुवातीपेक्षा पन्नास मायक्रोग्रॅम कमी भरेल. तेवढं वस्तुमान उजेड आणि उष्णता होऊन निघून गेलं. कुठल्याही काट्यावर ते मोजता यायचं नाही.

पण सूर्याचं काय? तो दर सेकंदाला चाळीस लाख टनांहून अधिक वस्तुमान प्रकाशाच्या रूपात गमावतो. आणि इथे १९४२ सालचा बनारस येतो.

प्रल्हाद चुनीलाल वैद्य नावाचा चोवीस वर्षांचा गुजराती तरुण त्या वर्षी विष्णुपंत नारळीकरांकडे सापेक्षता शिकायला आला. हाताशी नोकरी नव्हती. पत्नी आणि तान्ही मुलगी यांच्यासह, गाठीच्या पैशांवर राहायचं. बाहेर महायुद्ध चालू, ऑगस्टमध्ये चले जाव आंदोलन पेटलं, आणि बनारस हिंदू विद्यापीठ हे त्याचं उत्तरेतलं मोठं केंद्र. अशा वेळी गुरू-शिष्य एका प्रश्नावर बसले. श्वार्झशिल्ड यांनी १९१६ साली ताऱ्याभोवतीच्या गुरुत्वाचं समीकरण सोडवलं होतं, पण त्यात ताऱ्याबाहेर संपूर्ण पोकळी धरली होती. खरा तारा प्रकाश फेकतो. तो प्रकाश ऊर्जा नेतो, म्हणून वस्तुमान नेतो, म्हणून बाहेरची जागा रिकामी नसते आणि ताऱ्याचं वस्तुमान घटत जातं. अशा उजळत्या ताऱ्याभोवतीचं गुरुत्व कसं असेल?

वैद्यांनी उत्तर काढलं आणि १९४३ साली ते 'करंट सायन्स'मध्ये प्रसिद्ध झालं. तेव्हा फार कुणी लक्ष दिलं नाही, कारण सूर्यासारख्या ताऱ्यासाठी हा फरक क्षुल्लक होता. वीस वर्षांनी, १९६३ मध्ये, क्वेसार ओळखले गेले. प्रचंड ऊर्जा फेकणाऱ्या आणि कोसळणाऱ्या वस्तूंचा अभ्यास सुरू झाला, आणि जगाला बनारसच्या त्या उत्तराची गरज पडली. आज ते 'वैद्य मेट्रिक' म्हणून पाठ्यपुस्तकांत आहे.

त्या वेळी छोटा जयंत चार वर्षांचा होता. फळ्यावरची गणितं अजून काही वर्षं दूर होती. पण ज्या घरात ती लिहिली गेली, त्या घरात उत्तर माहीत नसलेला प्रश्न वर्षभर सांभाळण्याची सवय आधीपासूनच होती.

हार मानायची की नाही

एक गोष्ट राहिली, ती टाळून पुढे जाणं प्रामाणिकपणाचं होणार नाही. नारळीकर सर हॉईल यांच्यासोबत स्थिर-स्थिती विश्वाच्या बाजूनं उभे राहिले. १९६५ साली विश्वाच्या पार्श्वभूमीचं सूक्ष्मलहरी प्रारण सापडलं आणि बहुसंख्य शास्त्रज्ञ महास्फोटाकडे वळले. सरांनी १९९३ मध्ये हॉईल आणि जेफ्री बर्बिज यांच्याबरोबर सुधारित रूप मांडलं. तेही बहुतेकांनी स्वीकारलं नाही. ते शेवटपर्यंत प्रश्न विचारत राहिले. २० मे २०२५ रोजी पुण्यात त्यांचं निधन झालं.

हे अपयश म्हणायचं का? मला तसं वाटत नाही. पुरावा कुणाच्या बाजूनं आहे हे विद्यार्थ्यानं स्पष्ट सांगितलंच पाहिजे, आणि तो महास्फोटाच्या बाजूनं आहे. पण समोरच्याला आपला सिद्धांत घासूनपुसून मांडायला लावणारा माणूसही विज्ञानाला लागतो. तो आकडेमोड करून भांडत असेल तर त्याचं स्वागत करावं. निरोप पुढे ढकलून 'विज्ञानाला न उलगडलेलं' म्हणणाऱ्यात आणि त्याच्यात हाच फरक आहे.

आता तुमच्यासाठी घरचा अभ्यास. तुमच्या गावच्या देवळासमोरची दीपमाळ घ्या. तिच्या तळाची रुंदी आणि उंची मोजा, आणि किती अंश कलल्यावर ती उलटेल ते काढा. मग जवळ जाऊन तिच्या पायाशी भेगा आहेत का, पावसाचं पाणी कुठे साचतं, तेही बघा. दुसरं, गावच्या स्मशानात एका चितेला किती लाकूड लागतं आणि ते कितीला पडतं, हे तिथल्या माणसाला नीट, आदरानं विचारा. आलेल्या आकड्यावर आपलं दुसरं गणित पुन्हा मांडा. उत्तरं पाठवाल तेव्हा एककं लिहायला विसरू नका.

भेटू पुढच्या भागात. नमस्कार.